दिसतं ते मराठी, साठतं ते काय?

"फॉन्ट उडाला", "फॉन्ट सपोर्ट करत नाही", "जरा तुमचा फॉन्ट पाठवा ना". मराठीत काम चालतं अशा कुठल्याही कचेरीत, डीटीपीच्या दुकानात किंवा छापखान्यात ही वाक्यं रोज कानावर पडतात. संगणकावर मराठीचं काहीही बिघडलं की खापर फॉन्टच्या माथी फुटतं. माझ्या मते बहुतेक वेळा फॉन्ट निर्दोष असतो. खरा बिघाड त्याच्या मागे असतो, फाइलमध्ये अक्षर म्हणून नेमकं काय साठवलंय तिथे. पडद्यावर मराठी दिसणं आणि फाइलमध्ये मराठी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण वर्षानुवर्षं पहिल्या गोष्टीवरच समाधान मानत आलो आहोत.

कृतिदेव घ्या. या फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द उमटवायचा तर बोटं इंग्रजी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच या कळांवर पडतात. फाइलमध्येही हीच पाच रोमन अक्षरं साठतात. कृतिदेव फक्त ई च्या जागी म चं चित्र काढतो, जे च्या जागी र चं, के च्या जागी काना, कॅपिटल बी च्या जागी ठ आणि एच च्या जागी दुसरी वेलांटी. संगणकाच्या लेखी तिथे मराठी काहीच नाही. म्हणून ती फाइल कृतिदेव नसलेल्या यंत्रावर गेली की रोमन अक्षरं उघडी पडतात. शोध चालत नाही, स्पेलचेक चालत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर अर्थहीन इंग्रजी अक्षरं वाचत सुटतो. श्री-लिपी, शिवाजी, डीव्हीबी-टीटी सुरेख ही सगळी याच जातीची. त्यातही प्रत्येकाचा नकाशा वेगळा, त्यामुळे श्री-लिपीतल्या मजकुराला कृतिदेव लावला तर तिसरंच काहीतरी दिसतं.

या फॉन्टना नावं ठेवणं मात्र अन्यायाचं होईल. ते आले तेव्हा साध्या विंडोजवर देवनागरीची सोयच नव्हती आणि वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, शाळांचे निकाल तर छापायचे होते. भारतीय लिप्या संगणकात साठवायचं भारतीय मानक ब्यूरोचं मानक इस्की, म्हणजे आयएस १३१९४, १९९१ साली आलं. त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या मानकाची, पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र खण मिळाला. मानकं कागदावर होती, पण घराघरातल्या विंडोजवर ती पोचायला विंडोज २००० आणि त्यातला मंगल फॉन्ट यावा लागला. विंडोज एक्सपीवरही देवनागरी आपसूक चालत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, तिथे लँग्वेजेस, तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकटीत खूण, आणि मग बहुधा विंडोजची सीडी घालायचा हुकूम यायचा. ज्यांच्याकडे सीडी नव्हती त्यांचं युनिकोड तिथेच अडलं. व्हिस्टापासून ही खूण करावी लागत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हेच मानक म्हणून जाहीर केलं. त्यानंतर जुन्या फॉन्टमध्ये नवा मजकूर तयार करायला सबळ कारण उरलं नाही, असं मी ठामपणे म्हणतो.

तरी तो होतो, आणि त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. एक म्हणजे टाइपरायटरवर रेमिंग्टन मांडणीत बसलेला हात. पण कळांची मांडणी आणि साठवणुकीची पद्धत यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सीडॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएमसारख्या टंकनसाधनांतून रेमिंग्टन हातानेच युनिकोड लिहिता येतं. कुणाला हात बदलायला सांगायची गरज नाही. दुसरं कारण पेजमेकर हे पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ मधली, आणि तिला युनिकोड कळत नाही. पेजमेकरवर बसलेला छापखाना जुन्या फॉन्टला बांधलेलाच राहणार. तिथे उपाय एकच, तो सोडणं.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणं हे परिवर्तकाचं, म्हणजे जुन्या फॉन्टची अक्षरं युनिकोडमध्ये बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काम. जाळ्यावर असे परिवर्तक पुष्कळ आहेत, पण डोळे मिटून वापरायचे नाहीत. आधी मूळ फाइलची प्रत करा. मजकुरात मधेमधे खरं इंग्रजी असेल (ईमेल, कंपन्यांची नावं) तर परिवर्तक त्याचंही मराठी करून टाकतो, कारण त्याला दोन्हीकडे रोमन अक्षरंच दिसतात. वर्डमध्ये कंट्रोल-एच उघडून, शोधायच्या रकान्यात काही न लिहिता, फॉरमॅटमधून इंग्रजी तुकड्यांना लावलेला फॉन्ट निवडा आणि बदलायच्या रकान्यात फक्त हायलाइट द्या. सगळे इंग्रजी तुकडे पिवळे होतील. ही रंगवलेली प्रत शेजारी उघडी ठेवून परिवर्तनानंतर तेवढे तुकडे परत बसवा.

परिवर्तक घसरतो त्या जागा ठरलेल्या आहेत. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, जशी ती कागदावर दिसते तशी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते आणि दाखवताना व्यंजनाच्या आधी ओढली जाते. त्यामुळे 'स्थिती'मधली पहिली वेलांटी परिवर्तकाने उचलून संपूर्ण 'स्थ' ओलांडून पलीकडे ठेवायला हवी. कच्चा परिवर्तक ती अर्ध्या स ला चिकटवतो. रफाराचं नेमकं उलट. तो जुन्या पद्धतीत अक्षर आणि मात्रा झाल्यावर शेवटी येतो आणि युनिकोडमध्ये सगळ्यांच्या आधी जातो. तिसरी जागा काना. कृतिदेवात ख, ष यांसारखी अक्षरं अर्धं रूप अधिक काना अशी जोडून बनतात, म्हणून कुठे अर्ध्या रूपामागे काना राहून गेला असेल तर तिथे मोडकं अक्षर उरतं. विरामचिन्हंही तपासा, कारण कृतिदेवात स्वल्पविराम चौकोनी कंसाच्या कळेवर आणि पूर्णविराम संयोगचिन्हाच्या कळेवर आहे. परिवर्तनानंतर पानभर नजर फिरवताना ठिपक्यांचं पोकळ वर्तुळ कुठे दिसलं तर समजावं की तिथे एखादी मात्रा व्यंजनाशिवाय एकटी पडली आहे. ते वर्तुळ फाइलमध्ये नसतं, चूक दाखवायला पडद्यावर काढलेलं असतं. तिथे पाठीमागचा अक्षरक्रम दुरुस्त करायचा.

युनिकोडमध्ये आल्यावर सगळं सुरळीत होतं असंही नाही, पण आता बिघाड ओळखता येतो. मराठी मजकूर तीन प्रकारे नासलेला दिसतो आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. रिकामे चौकोनी डबे दिसले तर काळजी नको. मजकूर शाबूत आहे, त्या यंत्रावर देवनागरीचा फॉन्ट नाही एवढंच. एखादा टाकला की काम झालं, आणि फॉन्टला दोष द्यायची हीच काय ती रास्त वेळ. दुसरा प्रकार, रोमन ए च्या डोक्यावर तिरकी रेघ, शेजारी चार कोपऱ्यांना पाय फुटलेलं वर्तुळ, मग आणखी एक चिन्ह, आणि हीच जोडी पुन्हापुन्हा. याचा अर्थ मजकूर बरोबर आहे पण चुकीच्या किल्लीने वाचला जातोय. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइट, म्हणजे साठवणुकीची तीन घरं, घेतं. त्यातला पहिला बाइट कायम तोच आणि दुसरा दोनांपैकी एक, म्हणूनच ती जोडी सारखी दिसते. म असेल तर तिसरं चिन्ह गोलात आर. हा मजकूर वाचवता येतो, पण त्याच अवस्थेत सेव्ह करून, कॉपी करून, चार ठिकाणी चिकटवून फिरवू नका. हलंताच्या, म्हणजे पाय मोडल्याच्या खुणेच्या, तिसऱ्या बाइटला विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य अक्षरसंचात चिन्हच नेमलेलं नाही. फिरवाफिरवीत तो गळून पडतो आणि नेमकी जोडाक्षरं मोडतात. मूळ फाइलकडे परत जाणं सर्वांत चांगलं.

तिसरा प्रकार प्रश्नचिन्हांचा. नावाच्या जागी सहा-सात प्रश्नचिन्हं ओळीने उभी दिसली की बहुतेक वेळा मजकूर गेला. कुठल्या तरी टप्प्यावर सॉफ्टवेअरने 'हे अक्षर माझ्या संचात नाही' असं ठरवून त्याजागी खरोखरीचं प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. कुठलाही फॉन्ट, कुठलाही परिवर्तक ते परत आणू शकत नाही. जुन्या नोटपॅडमध्ये एएनएसआय या जुन्या अक्षरसंचाच्या पर्यायाने मराठी सेव्ह केलं की हेच व्हायचं. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अद्ययावत आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ वापरतं, हा लहानसा बदल मला फार मोलाचा वाटतो.

दुसऱ्या प्रकारची रोजची जागा म्हणजे एक्सेल आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल). पोर्टलवरून उतरवलेली यादी दोनदा क्लिक करून उघडली की एक्सेल ती जुन्या अक्षरसंचात वाचतं आणि पूर्ण स्तंभ विद्रूप दिसतो. तिथे घाबरून सेव्ह करायचं नाही. फाइल बंद करा, कोरी वही उघडा, डेटा या पट्टीवर फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही निवडा, आणि फाइल ओरिजिनच्या यादीतून ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ घ्या. खाली झलक दिसते, तिथे मराठी नीट आलं की लोड. पाठवताना सेव्ह ॲजमध्ये सीएसव्ही नावाचे एकाहून अधिक पर्याय दिसतात. त्यातला ज्याच्या नावातच यूटीएफ-८ आहे तोच घ्यायचा. साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात.

आता एक सूक्ष्म त्रास, ज्याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. दिसायला हुबेहूब सारखे शब्द आतून वेगळे असू शकतात. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन ते लिहायचे, अजूनही पुष्कळ लिहितात. दोन्ही पडद्यावर सारखे दिसतात, पण एक अक्षर एका क्रमांकाचं आणि दुसरं दोन क्रमांकांचं. युनिकोडचे नियमही या दोघांना एक मानत नाहीत. म्हणून पाचशे पानांच्या दस्तऐवजात 'ॲप' शोधलं तर अर्धे उल्लेख हाती लागतात आणि अर्धे निसटतात. 'तऱ्हा', 'दऱ्या' यांतल्या आडव्या रफाराचंही तसंच. तो नुक्तावाल्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, ऱ ला हलंत देऊन लिहिता येतो, किंवा साध्या र ला हलंत आणि पाठीमागे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक देऊन. पहिली पद्धत चांगली, कारण न दिसणारा जोडक कॉपी करताना, फॉर्ममध्ये भरताना केव्हाही गळतो आणि 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. डोंगरातल्या वाटांच्या मजकुरात मधेच समुद्र येतो. 'दुःख' लिहिताना विसर्गाऐवजी कोलन देणं हा तिसरा सार्वत्रिक प्रकार. कोलनमुळे स्पेलचेक शब्द दोन तुकड्यांत वाचतो. पुस्तकाची फाइल हातात आली की संपादनाला बसण्याआधी हे तीन बदल सरसकट करून घ्यावेत. ते पाच मिनिटांचं काम आहे.

जागेचा हिशेबही इथेच सांगायला हवा. ज्ञानेश्वर विठ्ठल कुलकर्णी असं एखादं नाव घ्या. 'ज्ञानेश्वर'मध्ये डोळ्यांना चारच अक्षरं दिसतात, पण साठताना हलंत, काना, मात्रा सगळे वेगवेगळे मोजून दहा होतात, म्हणजे तीस बाइट. पुढे रिकामी जागा एक, 'विठ्ठल'चे अठरा, पुन्हा रिकामी जागा एक. झाले बरोबर पन्नास. डेटाबेसमध्ये नावाचा स्तंभ पन्नास बाइटांचा धरला असेल तर कुलकर्णी हे आडनाव अख्खं बाहेर राहतं. इंग्रजीत हेच नाव अठ्ठावीसमध्ये बसतं, म्हणून इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला काही खटकत नाही. मराठी एसएमएसचंही असंच. इंग्रजी संदेशाला १६० अक्षरं मिळतात, पण देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तरी पूर्ण संदेशाची मर्यादा ७० वर येते, आणि एकट्या 'श्री'ला त्यातल्या चार जागा लागतात.

पीडीएफबद्दल मला तक्रार आहे ती तंत्रापेक्षा सवयीची. पीडीएफमध्ये मुळात आकृत्या आणि त्यांच्या जागा असतात. कोणत्या आकृतीला कोणतं अक्षर समजायचं याचा तक्ता सोबत जोडलेला असतो. इंग्रजीत एका आकृतीला एक अक्षर असल्याने हे निभतं. मराठीत एक आकृती म्हणजे कधी तीन अक्षरं, आणि वेलांटीचा क्रमही उलटा, त्यामुळे कॉपी केलेला मजकूर तुटका निघतो. म्हणून परिपत्रक काय, शासन निर्णय काय, पीडीएफसोबत मूळ संपादनयोग्य फाइलही ठेवली पाहिजे. ती नसेल तर पीडीएफमधून अक्षरं ओढत बसण्यापेक्षा पानांची ३०० डीपीआयची चित्रं करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, लावणं बरं पडतं. टेसरॅक्ट या ओसीआरमध्ये मराठीचा संच मिळतो. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली तरी मजकूर निघतो.

छापखान्यांसाठी एक बारीक पण मोठा घोळ मिटवणारी गोष्ट. इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी चिकटवल्यावर जोडाक्षरं सुटी पडतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात, आणि मग "इनडिझाइनला मराठी जमत नाही" असं सांगून लोक परत जुन्या फॉन्टकडे वळतात. जमतं. एकही फाइल उघडी नसताना पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूतून वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर (ओळी जुळवणारी यंत्रणा) निवडून ठेवा, म्हणजे प्रत्येक नव्या फाइलला तोच लागेल. आधीच्या फाइलमध्ये पॅराग्राफ स्टाइल उघडून जस्टिफिकेशनखाली कंपोझर बदला. जुन्या फाइलमधून आणलेला परिच्छेद आपला जुना कंपोझर बरोबर घेऊन येतो, त्यामुळे अर्धं पान नीट आणि अर्धं मोडकं दिसलं तर तिथेच बघायचं. इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेसमधल्या टाइपखाली इंडिक ऑप्शन्सची खूण करावी लागते.

टंकनाबद्दल फार लिहीत नाही. इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिकावी असं माझं मत आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अल्पप्राण साध्या कळेवर आणि महाप्राण बहुतेक शिफ्टने, इतकी ती तर्कशुद्ध आहे. ऱ मिळवायला शिफ्ट-जे, हलंताला डी. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिकही आहे. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडायची आणि विंडोज-स्पेसने अदलाबदल करायची.

मला सर्वांत जास्त चीड येते ती इंग्रजी नावावरून मराठी नाव आपोआप भरणाऱ्या फॉर्मची. इंग्रजीत के, ए, एल, ई लिहिलं की सॉफ्टवेअरने काळे म्हणायचं, काले म्हणायचं की कळे? रोमन एलमध्ये ल आणि ळ दोन्ही, डीमध्ये द आणि ड, टीमध्ये त आणि ट, एनमध्ये न आणि ण. ही माहिती इंग्रजी रूपात नसतेच, मग कितीही हुशार सॉफ्टवेअर असलं तरी तो अंदाजच. मराठीवरून इंग्रजी करताना एवढं काही हरवत नाही. म्हणजे महाराष्ट्रात नाव आधी मराठीत विचारायचं आणि त्यावरून इंग्रजी सुचवायचं, हा साधा क्रम. प्रत्यक्षात कित्येक फॉर्म उलटे चालतात. त्यातही वाईट म्हणजे माणसाने हाताने सुधारलेलं मराठी नाव, इंग्रजी रकान्याला नुसता हात लागला की पुन्हा पुसलं जातं. सॉफ्टवेअरने सुचवावं, पण माणसाने एकदा लिहिलेलं कधीही बदलू नये. रेशनकार्डावर एक नाव, दाखल्यावर दुसरं, आणि मग प्रतिज्ञापत्र करायला तहसील कचेरीत खेटे, हे त्या एका रकान्यातून सुरू होतं.

म्हणून सोसायटी, पतपेढी, शाळा, ग्रंथालय कुणीही नवं सॉफ्टवेअर घेणार असेल तर पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर बसून मराठीत चाचणी घ्यावी. नावाच्या रकान्यात वरचं ज्ञानेश्वरांचं पूर्ण नाव टाका, पत्त्यात 'दऱ्याखोऱ्यांतली वाडी', शेऱ्यात 'दुःख' आणि 'ॲप'. सेव्ह करून बाहेर या, पुन्हा उघडा, आडनाव जागेवर आहे का पाहा. 'दऱ्या' शोधून नोंद सापडते का पाहा. मग काला, काळा, कावळा, काहूर हे चार शब्द क्रमाने लावायला सांगा. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून 'काळा' शेवटी यायला हवा. तो 'काला'नंतर लगेच आला तर सॉफ्टवेअर युनिकोडच्या क्रमांकाने लावतंय, मराठीच्या नियमाने नाही, आणि सभासदांची यादी कायम खटकत राहील. यादी सीएसव्हीत काढून एक्सेलमध्ये उघडा. पावती पीडीएफमध्ये काढून त्यातलं नाव कॉपी करून पाहा. विक्रेत्याला विचारा की मजकुराचे स्तंभ कोणत्या प्रकारचे आहेत. एसक्यूएल सर्व्हर असेल तर एनव्हारचार हे उत्तर हवं, मायएसक्यूएल असेल तर यूटीएफ८एमबी४. ही उत्तरं खरेदीच्या कागदात लिहून घ्या. स्तंभाचा प्रकार नंतरही बदलता येतो, पण तोवर प्रश्नचिन्हं झालेली नावं एकेका सभासदाला विचारून परत भरावी लागतात.